मधल्या पायरीखालचा काळा कागद

दुबईत एकतीस वर्षं मी एकच काम केलं, पाणी जाऊ दिलं नाही. माझ्या व्हिसावर आधी ‘गार्डनर’ छापलं होतं, मग ‘इरिगेशन सुपरवायझर’ आणि शेवटी ‘लँडस्केप मॅनेजर’. हुद्दा बदलला तसा टोपीचा रंग बदलला, काम तेच राहिलं. अल मनखूलला राहणाऱ्या आमच्या संपादकबाईंनी या अंकासाठी लिहा म्हणून फोन केला, तेव्हा बड्या लोकांच्या बागांचे किस्से मिळतील अशी त्यांची अपेक्षा होती. ते किस्से माझ्याकडे आहेत. पण मी लिहिणार आहे ते डोंगरातल्या तीन पायऱ्यांबद्दल. तिथे मी चुकलो, चांगलाच चुकलो, आणि तरी माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा हंगाम तोच होता.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो. इथल्या रस्त्याच्या कडेला तुम्ही गाडीतून जी गुलाबी-जांभळी फुलं बघता, त्यांच्या खाली निव्वळ वाळू असते. वाळूत सकाळी ओतलेलं पाणी दुपारपर्यंत कुठे गेलं ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून आम्ही गुडघाभर खड्डा काढतो, तळाला जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरतो, त्यावर चांगली माती आणि खत भरतो आणि वरून ठिबकच्या नळ्या फिरवतो. तळाचा तो कागद म्हणजे आमच्या धंद्याचा आत्मा. माझा फोरमन गुल जमान, पाकिस्तानातल्या स्वातचा, एकोणीस वर्षं माझ्याबरोबर होता. तो हा कागद असा अंथरायचा की एक सुरकुती दिसणार नाही. इस्त्रीवाल्याने त्याच्याकडे शिकायला यावं.

मला हे काम जमलं त्याचं कारण वसई. आमची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळा लागला की विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं, म्हणून बावखलातल्या गोड्या पाण्यावर बाबांचा जीव. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. बादली हिंदकळून चार थेंब बाहेर सांडले तरी बाबा असे बघायचे की पुढची बादली आम्ही छातीशी धरून आणायचो. असा माणूस वाळवंटात आला तर तो दुसरं काय करणार?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. एका व्हिलावाल्याला नारळाचं झाड समुद्राकडे कललेलं हवं होतं, आणि समुद्र होता नऊ किलोमीटरवर. दुबईतल्या करामा वस्तीच्या एका काकूंनी बाल्कनीतला कढीपत्ता वाढत नाही म्हणून मला तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा पोहे खाऊ घातले. तिसऱ्या वेळी पोह्यांत मला सगळी कोवळी पानं सापडली आणि रोगाचं निदान झालं. मी त्यांना दोन महिने फोडणीला हात लावू नका म्हटलं, तर त्या माझ्यावरच रागावल्या.

आता डोंगरातली गोष्ट. दुबईपासून दोन तासांवर, डोंगराच्या कुशीत एक हॉटेल उभं राहत होतं. तिथल्या एका रेस्तराँमध्ये पेरू देशाचं जेवण मिळणार होतं. मॅनेजरबाईंच्या मनात आलं की मागच्या उतारावर इंका लोक करायचे तशी पायऱ्यांची शेती करावी. खरी शेती, खऱ्या दगडांच्या भिंती, आणि पाहुण्यांसमोर खणून काढायला खरे बटाटे. त्यासाठी त्यांनी पेरूहून एक गवंडी आणला होता. भिंती त्याच्या, माती आणि पाणी माझं, अशी कामाची वाटणी झाली.

उताराच्या बरोबर खाली अबू राशिद या वृद्ध स्थानिक गृहस्थांचं शेत होतं. खजुराची चौदा झाडं, काही शेळ्या, आणि डोंगराच्या पायथ्यातून झाडांपर्यंत येणारा दगडी पाट. त्या पाटाला इथे फलज म्हणतात. तो त्यांच्या आजोबांच्या आजोबांनी बांधलेला, आणि बरीच वर्षं जवळजवळ कोरडा. आमच्या गाड्या त्यांच्या जमिनीवरून जाणार होत्या आणि आमची भिंत त्यांच्या झाडांच्या थेट डोक्यावर येणार होती. तरुणपणी ते खजुराच्या गलबतांबरोबर मुंबईला जायचे, त्यामुळे हिंदी येत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. मी शाळेपुढे शिकलो नाही, पण त्यांनी मला सरळ मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर करून टाकलं. आपल्या खजुराच्या बागेला ते नखल म्हणायचे.

“मुहंदिस, ये दीवार मेरा नखल के ऊपर है. गिरेगा तो?”

“नहीं गिरेगा, अबू राशिद. मेरा जबान है.”

“खलास,” ते म्हणाले आणि माझा हात हातात घेतला. त्यांनी कागद मागितला नाही, सही मागितली नाही, हॉटेलकडे एक शब्द काढला नाही. छातीवर हात ठेवून मी बोललो तेवढं त्यांना पुरलं. पुढे मला जाळलं ते यानेच.

गवंड्याचं नाव मारियानो. वय अडुसष्ट, उंची माझ्या खांद्याइतकी, डोक्यावर तपकिरी हॅट. त्याला स्पॅनिश यायचं आणि घरची डोंगरातली भाषा. माझ्या मुलीने, रेनीने, माझ्या फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप घालून दिलं. ती सिलिकॉन ओएसिसमध्ये अशाच कुठल्यातरी कंपनीत काम करते. पहिल्यांदा वापरताना मी फोनवर जोरात ओरडलो, तर म्हणाली, “डॅडी, स्पीक नॉर्मली. इट्स नॉट डेफ.”

मारियानो मिस्त्रीने पहिले तीन दिवस काहीच केलं नाही. सकाळी यायचा, उतारावर बसायचा, दगड बघायचा, संध्याकाळी जायचा. मी चिडलो. चौथ्या दिवशी त्याने मी मागवलेलं सगळं सिमेंट ट्रकमध्ये परत भरायला लावला. मग फोनवर सावकाश बोलून मला समजावलं की त्याच्या पूर्वजांकडे सिमेंट नव्हतं, लोखंड नव्हतं, चाक नव्हतं. दगडाने दगड ठोकायचा, शेजारच्या दगडाच्या अंगाला बसेल इतका ठोकायचा, आणि भिंत किंचित मागे, डोंगराच्या अंगावर रेलून उभी करायची. मी ओळंबा लावला आणि भिंत वाकडी आहे हे त्याच्या नजरेला आणून दिलं. तो इतका हसला की त्याची हॅट पडली.

भिंतीच्या मागे काय भरायचं तेही त्याचं ठरलेलं होतं. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सगळ्यात वर दरीतून आणलेली चांगली माती. म्हणजे वर ओतलेलं पाणी पिकाला हवं तेवढं मिळून बाकीचं खाली निघून जायला पाहिजे. पाणी निघून जायला पाहिजे, हे वाक्य अ‍ॅपने मला मराठीत म्हणून दाखवलं तेव्हा मी अ‍ॅप चुकलं असं समजून दोनदा विचारलं. ते चुकलं नव्हतं. मी गुल जमानला म्हटलं, बाबाजी का दिमाग घूम गया है, टँकर दिवसातून एकदा डोंगर चढतो.

माती आणि खडी वर न्यायची तर शेवटच्या चढावर पिकअपची चाकं गरगरायची. क्रेनवाल्याने रस्ता बघून गाडी तशीच वळवली. हातगाड्या कलंडायच्या. मारियानोने हातगाड्या बाजूला लावल्या आणि माणसं रांगेत उभी केली, प्रत्येकाच्या वाट्याला वीस पावलं. भरलेलं घमेलं घ्यायचं, वीस पावलं चढायचं, पुढच्याच्या हातात द्यायचं आणि रिकामं घमेलं घेऊन मागे यायचं. त्याच्या डोंगरात राजाचे जासूद असेच टप्प्याटप्प्याने धावायचे म्हणे, राजाच्या ताटात समुद्रातली मासळी ताजी पोचायची. मी म्हटलं, हे काम आहे की लगोरी? पण दुपारी गुल जमानने वरचा ढीग बघितला आणि स्वतःही रांगेत उभा राहिला. कुणीही दमलेलं नव्हतं. वीस पावलांत माणूस दमत नाही आणि मागे येताना मोकळा चालतो, इतकी साधी गोष्ट आहे. लहानपणी आमच्या वाडीतून केळीचे घड हातोहात टेम्पोपर्यंत जायचे ते मला आठवलं. पंचेचाळीस वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं.

माझंही एक म्हणणं खरं ठरलं, ते सांगायलाच हवं. मारियानोला सप्टेंबरात बटाटे लावायचे होते. त्याच्याकडे दगडाची भिंत दिवसभर ऊन पिते आणि थंडीत पिकाला ऊब देते, म्हणून पाला गोठत नाही. मी काही न बोलता दुपारी दोन वाजता त्याचा तळहात धरून त्याच्याच भिंतीवर ठेवला. त्याने असा झटक्याने मागे घेतला की सगळे हसले. मग आम्ही ऑक्टोबर संपता संपता लागवड केली आणि सुरुवातीला खजुराच्या झावळ्यांची सावली धरली. त्या दिवसापासून मारियानो मला बघितला की हॅट उचलायचा.

जेवायला आम्ही बरोबर बसायचो. त्याने गावाहून काळे, हलके, दगडासारखे वाळलेले बटाटे आणले होते. थंडीत गोठवायचे, पायाने तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. वर्षानुवर्षं टिकतात. मी त्याला वसईची सुकेळी, म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी दिली. त्याने एक तोंडात घातलं, डोळे मिटले आणि पुडकं खिशात टाकलं. ते परत मिळालं नाही. त्याचा बटाटा मी मात्र अर्धा दिवस चघळत होतो.

आता चूक. तिन्ही पायऱ्यांच्या भिंती उभ्या झाल्या होत्या. वरची आणि खालची पायरी मारियानोने स्वतः भरून घेतली. मधली भरायची राहिली आणि त्याला व्हिसाच्या मेडिकलला आणि बोटांचे ठसे द्यायला दोन दिवस शहरात जावं लागलं. मी वरच्या पायरीला पाणी देऊन बघितलं. थोड्याच वेळात खालच्या दगडांतून थेंब थेंब गळायला लागलं. एवढ्या लांबून आणलेलं गोडं पाणी डोंगर पीत होता आणि आम्ही बघत होतो. मला बाबांचा चेहरा दिसला. मी गुल जमानला म्हटलं, पिकअपमध्ये कागद आहे ना?

तो एकदा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मधल्या पायरीत, मोठ्या दगडांवर, भिंतीच्या आतल्या अंगाने वर वळवून, काळा कागद अंथरला. एक सुरकुती नव्हती. त्यावर आम्ही माती भरली. मारियानो परत येईपर्यंत वरून तिन्ही पायऱ्या सारख्या दिसत होत्या. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचे बटाटे वाचवले.

आणि गंमत अशी की खरंच वाचवले. डिसेंबरात मधल्या पायरीवरचा पाला वरच्याखालच्यापेक्षा वीतभर उंच आणि काळपट हिरवा झाला. मॅनेजरबाई पाहुण्यांना मधलीच पायरी दाखवायच्या. मारियानो रोज तिथे उकिडवा बसायचा, माती बोटांत चुरायचा, मान हलवायचा. एक दिवस त्याने फोनवर मला सांगितलं की या पायरीला पाणी देणाऱ्याचा हात चांगला आहे. मी म्हटलं, ‘ग्रासियास.’ तेवढं स्पॅनिश मी शिकलो होतो. लाज वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगतो, त्या दिवशी मी खूश होतो.

जानेवारीत एका सकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. मोठ्या पावसाचा इशारा होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून. इथे पाऊस वर्षातून चार-पाच दिवस पडतो, पण डोंगरात पडला तर वरच्या उघड्या खडकांवरचं सगळं पाणी एकदम खाली येतं. मारियानोला आनंद झाला. आता भिंतींना खरं काम मिळणार, असं तो म्हणाला आणि बोटांनी माती, वाळू, खडी, दगड अशी वरून खाली खूण करून दाखवली. मी त्याची बोटं बघत होतो. मधल्या पायरीत ती बोटं कागदावर अडणार होती. पाणी साचणार, माती फुगणार, आणि सिमेंट नसलेली भिंत पुढे कोसळणार. आणि पुढे, म्हणजे खाली, चौदा झाडं.

दुपारी अबू राशिद काठी टेकत वर आले. त्यांनी कड्यावरच्या ढगांकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे.

“मुहंदिस, सब ठीक?”

“इन्शाल्ला,” मी म्हटलं.

एकतीस वर्षांत हा शब्द मी उत्तर टाळायला हजारदा वापरला असेन. टँकर कधी येणार, इन्शाल्ला. झाड जगेल का, इन्शाल्ला. पण त्या दिवशी तो म्हणताना मी ढगांकडे बघत होतो. अबू राशिदनी मान डोलावली आणि निघून गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, देवावर तर ते ठेवतातच.

मी पिकअपच्या मागे जाऊन करामाला घरी फोन लावला. बायकोला, ग्लोरियाला, सगळं सांगितलं. कागद, पाला, ‘ग्रासियास’, काहीच गाळलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुम्ही त्या माणसाला शब्द दिलाय ना?” तिने विचारलं.

“दिलाय.”

“मग मला काय विचारता? फावडं घ्या.”

मी मारियानोला मधल्या पायरीवर नेलं. अ‍ॅप काढलं नाही. भिंतीच्या कडेला खणायला लागलो, आणि गुडघाभर गेल्यावर फावड्याखाली काळा कागद चमकला. मी त्याचं टोक धरून वर ओढलं. त्यावर ओंजळभर पाणी साचलेलं होतं. मारियानो खाली वाकला, कागदाला बोट लावलं आणि भिंतीवर बसून राहिला. मग त्याने माझा फोन मागितला आणि त्यात बोलला. अ‍ॅपने आपल्या सपाट आवाजात मला सांगितलं:

“इथे तू शेत केलं नाहीस, टाकी बांधलीस. माझ्या भिंतीला टाकी धरता येत नाही.”

मी म्हटलं, माझी चूक आहे. खाली त्या माणसाला मी शब्द दिला आहे. उद्या संध्याकाळच्या आत सगळा कागद काढायचा आहे, काय करू सांग.

मारियानो उठला, हॅट नीट घातली आणि उतारावर पावलं मोजायला लागला. वीस, मग पुन्हा वीस.

मॅनेजरबाईंकडे मी एकटाच गेलो. त्यांनी तीन आठवड्यांनी बटाटे काढण्याचा समारंभ ठेवला होता, निमंत्रणं गेली होती, आणि मी त्यांची दाखवायची पायरी उपटायला निघालो होतो. त्यांनी दुसरा काही मार्ग आहे का असं विचारलं. मी नाही म्हटलं आणि कागद अंथरणारा मीच हेही सांगितलं. त्या मला खूप बोलल्या, आणि ते सगळं मला लागू होतं. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि फोन उचलून स्वयंपाकघराला आणि हाउसकीपिंगला सांगितलं की ज्याला पाठ आहे त्याने उद्या सकाळी मागे यावं, यल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठेक माणसं उतारावर उभी होती. माझी माणसं, आचारी पांढऱ्या टोप्यांत, खोल्या आवरणाऱ्या मुली, रिसेप्शनवरचा आमच्याच वसईचा एक जण टाय खिशात कोंबून. आधी बटाटे काढले. अजून तीन आठवडे बाकी होते, तरी आवळ्याएवढे, लिंबाएवढे निघाले. मग माती. घमेली नव्हती तिथे स्वयंपाकघरातली पातेली आली, बादल्या आल्या, कपडे धुवायच्या टोपल्या आल्या. माती खाली आली, वाळू आणि खडी वर गेली, वीस वीस पावलांनी. आमच्याकडे शेतीत सावड करतात ना, आज तुझ्या शेतात मी आणि उद्या माझ्या शेतात तू, तसंच मारियानोच्या गावात दरवर्षी पायऱ्या दुरुस्त करताना सगळं गाव जमतं. तो रांगेच्या मधोमध उभा राहून त्यांचं कुठलंसं गाणं म्हणत होता. त्यात जिथे लोकांनी ओरडायचं असतं तिथे सगळे ओरडत होते, अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. गुल जमान त्याने स्वतः अंथरलेला कागद फाडत होता आणि प्रत्येक फाडीला मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणत होता, “क्या काम किया था, उस्ताद. एक भी सलवट नहीं.”

अबू राशिद खाली शेतात उभे राहून हे सगळं बघत होते. काही विचारायला वर आले नाहीत.

चारच्या सुमाराला पहिले थेंब पडले. डाव्या टोकाचा दोन हातभर कागद तेवढा निघायचा राहिला होता, तो भिंतीखाली दबला होता. मारियानो चिखलात पोटावर आडवा झाला आणि पहारीने त्याला भोकं पाडत सुटला. मी आणि गुल जमानने त्याला पाय धरून बाहेर ओढलं. आम्ही रेस्तराँच्या ओट्यावर पोचलो आणि मग पाऊस जो आला तो पडदा सोडल्यासारखा आला.

पंधरा मिनिटांत वरच्या खडकांवरून चहाच्या रंगाचं पाणी धावायला लागलं. वरच्या पायरीत गेलं, दिसेनासं झालं. मधल्या पायरीत गेलं, दिसेनासं झालं. साठ माणसं ओट्यावर दाटीवाटीने उभी राहून बघत होती. मग डाव्या टोकाला, बरोबर जिथे कागद राहिला होता तिथे, भिंतीला पोट आलं. मला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. एक दगड, गॅसच्या सिलिंडरएवढा, सावकाश बाहेर सरकला आणि सुटला. खालच्या भिंतीवरून उडी मारून झाडांच्या दिशेने गडगडत गेला. मी पळायला निघालो तर गुल जमानने मागून कंबर धरली. दगड पहिल्या झाडाच्या आळ्याशी गेला, मातीत रुतला आणि थांबला.

दुसरा दगड सुटला नाही. आम्ही वाट बघितली. भिंत उभी राहिली. मारियानो माझा दंड घट्ट धरून खालच्या पायरीच्या पायथ्याकडे बोट दाखवत होता. तिथे दगडांच्या सांध्यांतून पाणी बाहेर येत होतं, आणि ते चहाच्या रंगाचं नव्हतं. तीन पायऱ्यांची माती, वाळू, खडी उतरून ते स्वच्छ झालं होतं. ते एकत्र झालं, उतारावर वाट शोधत गेलं आणि अबू राशिदच्या कोरड्या फलजमध्ये पडलं. मी जन्मभर पाणी अडवलं होतं. सोडलेलं पाणी कसं दिसतं ते मी त्या दिवशी बघितलं आणि मला रडू आलं. पाऊस असल्यामुळे ते खपून गेलं.

सकाळी ऊन पडलं. आम्ही खाली गेलो तर अबू राशिद रुतलेल्या दगडाजवळ उभे होते, हातात कॉफीचा थर्मास आणि खजुराची बशी. पाटातून पाणी वाहत होतं आणि शेळ्या ते नवल बघत उभ्या होत्या. मी त्यांना कागदाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. जबान दिल्यानंतर मी काय केलं, तेही सांगितलं.

“मेरा जबान एक पत्थर से टूट गया, अबू राशिद,” मी म्हटलं.

त्यांनी दगडाला काठीने ठोकून बघितलं. मग जुब्बा सावरून त्यावर बसले आणि अंदाज घेतल्यासारखे जरा डावीकडे सरकले.

“एक पत्थर झूठ,” ते म्हणाले, “बाकी दीवार सच. बैठो, कहवा पियो.”

त्या दुपारी मारियानोने हॉटेलच्या मागे खड्डा खणला, तापवलेले दगड आत घातले, आमचे अर्धेकच्चे बटाटे आणि बोकडाचं मटण त्यावर रचून वरून माती लोटली. आपल्याकडच्या पोपटीचा मोठा भाऊच म्हणायचा. समारंभ तीन आठवडे आधीच आणि पाहुण्यांशिवाय झाला. मॅनेजरबाईही चिखलाचे बूट घालून आल्या आणि मी मीठ पुढे केलं तेव्हा हसल्या. मारियानोने मला सगळ्यात मोठा बटाटा दिला, लिंबाएवढा, आणि अ‍ॅपशिवाय, मोडक्या हिंदीत म्हणाला, “टाकी वाला आलू. अच्छा है.” गुल जमानला ठसका लागला.

खिंडार भरायला मारियानो खालचा दगड परत वर न्यायला निघाला, तेव्हा अबू राशिदनी नकार दिला. तो आता त्यांच्या शेतात आला होता, म्हणून पाहुणा. मारियानोने तीन दिवस ठोकून नवा दगड घडवला. तो भिंतीत कुठे आहे ते आता मलाही शोधावं लागतं. मारियानो मार्चमध्ये घरी गेला. जाताना मी त्याला सुकेळ्यांचं मोठं पुडकं दिलं. त्याने मला हॅट दिली, ती माझ्या डोक्याला होत नाही.

त्यानंतर मी आणखी काही बागा केल्या. वाळूत करायच्या तर कागद लागतोच, मी काही साधू झालो नाही. पण अंथरण्याआधी मी खाली कोण राहतं ते विचारायला लागलो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आता ग्लोरिया आणि मी वसईला जायची तयारी करतोय आणि रेनी म्हणते, “फर्स्ट ट्राय इट फॉर सिक्स मन्थ्स.”

गेल्या महिन्यात निरोप घ्यायला डोंगरात गेलो. पायऱ्यांवर मका डुलत होता. अबू राशिद त्यांच्या दगडावर बसले होते. मला बघितल्यावर काठी टेकत उठले आणि दगडावरची धूळ हाताने झटकली.

“बैठो, मुहंदिस. तुम्हारा है.”

मी बसलो. त्यांनी कॉफी ओतली. मी वसईला जातोय हे ऐकून त्यांनी दगडाकडे बोट करून विचारलं, हा बरोबर नेणार का? मी म्हटलं, विमानात तीस किलोच चालतात.

“अच्छा है,” अबू राशिद म्हणाले. “इधर रहने दो. बैठने के लिए आना पड़ेगा.”